संध्याकाळची गोळी

“हात इकडे कर. खाजवायचं नाही म्हटलं ना... खाजवलं की ते रात्रभर जागं राहतं.”

मनगटाच्या आतल्या बाजूला, निळी शीर जिथं अंगठ्याकडे वळते तिथं, एक गांधी उठली होती — वाटाण्याएवढी, मधोमध लाल टिंब — आणि एफिसियानं उजव्या हाताचं नख त्या टिंबावर टेकवलंही होतं, पण आवाज ऐकून ते जागच्या जागी थांबलं. आवाज ममाईचा, तिच्या आईचा. ममाईला मातीत ठेवून इतकी वर्षं झाली की थडग्यावरच्या चकतीतला तिचा फोटो उन्हानं पांढरा पडत आलाय. पण आवाजाला ऊन लागत नसावं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. शेगडीवरचं कॉफीचं भांडं फसफसून गप्प झालं होतं, कोनाड्यात मरियामातेपुढचा दिवा जळत होता, आणि बशीत सकाळची गोळी ठेवलेली होती.

गोळी जिभेवर ठेवायच्या आधी मरियेची एक प्रार्थना, गिळल्यानंतर एक. सकाळची बहिणीच्या, बोनारियाच्या नावानं, संध्याकाळची ममाईच्या. हा नेम कुणी घालून दिलेला नव्हता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी तिनं स्वतःच दिव्यापुढं उभं राहून म्हटलं होतं — आई मरिये, बहिणीनं दिलेल्यातला एक कणही मी वाया जाऊ देणार नाही — आणि तेव्हापासून गोळी म्हणजे औषध राहिलंच नाही. उपासाच्या दिवशी जसं पाणी पिण्याआधी हात आपोआप कपाळाकडे जातो, तसं झालं.

गोळी गिळली. कपाळ तापलेलंच होतं.

फोन वाजला. या वेळेला दुसरं कोण असणार!

“उठलीस का गं साध्वी? की देवाशी बोलणं संपायचंय अजून?”

“उठले. कॉफी झाली.”

“आवाज असा का? विहिरीतून आल्यासारखा?”

“आत्ताच तर तोंड उघडलंय.”

“ताप?”

“नाही गं.”

“शहरात जातेयस त्या देवळात, बरोबर आले असते, पण आज बोय मासे उतरलेत चिकार, आणि ते मेले काही माझ्यासाठी ताजे राहणार नाहीत. माझ्याच नावाची मरियामाता ना ती तिथली? तिला म्हणावं, बोनारियानं एक मूत्रपिंड दिलं, हूं की चूं केलं नाही. आता गुडघे तेवढे परत दे.”

“देवाशी असं बोलू नये.”

“मग कसं, तुझ्यासारखं? तू बोललीस की मरियामातेला कानामागं हात धरून ऐकावं लागत असेल. बरं, धाकटी कशी आहे?”

“मजेत आहे,” एफिसिया म्हणाली, आणि नकळत तिचा हात पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला गेला, जिथं कातडीखाली ती धाकटी असते — मुठीएवढी, थोडी कडक, हाताला लागते. हे नाव बोनारियाचंच. तीन वर्षांपूर्वी, ऑपरेशननंतर दोन दिवसांनी, सलाइनचा खांब ढकलत, मागून उघडा राहणारा दवाखान्याचा झगा एका हातानं आवळत ती एफिसियाच्या खोलीत आली होती आणि म्हणाली होती, “आतापर्यंत थोरली तू आणि धाकटी मी. आता मला बढती. ही धाकटी.” हसताना दोघींचेही टाके ओढले होते आणि दोघींनी एकदमच ‘आई गं’ केलं होतं...

मजेत आहे. खोटं. आणि देवळात जातेय हेही खोटंच, किंवा अर्धं. आज दवाखाना होता. गेले दोन महिने तो होता आणि बोनारियाला ठाऊक नव्हतं.

आगगाडीत तिला खिडकी मिळाली. बाहेर कापून झालेली शेतं, मग भातखाचरं, मग उन्हात पांढरी होऊन पडलेली मिठागरं... पोटात पाणी भरल्यामुळं घागरा कमरेला रुतत होता, आणि सुया टोचलेल्या जागा हातावर जांभळ्या होऊन पसरल्या होत्या. बाह्या लांब घातल्या की दिसत नाहीत. गांधी मात्र बाहीच्या कडेशीच होती आणि कापड घासलं की ती हाक मारायची.

किती डास असायचे तळ्याकाठी. बब्बाई, आमचे वडील, लव्हाळ्याची होडी घेऊन बोय मारायला जायचे ते दिवे लागल्यावर परतायचे, आणि तोवर ममाई दारात ओल्या झुडपाच्या फांद्या जाळून धूर करायची. धुरानं डास जायचे की नाही कोण जाणे, आमचे डोळे तेवढे गळायचे. उंबऱ्यावर आम्ही दोघी, पाय पुढं सोडून. ममाई खाली बसायची. आधी माझा पाय मांडीवर घ्यायची — थोरलीला आधी, म्हणजे धाकटी रडत नाही — चाव्यावर ओठ लावून ओढायची, बाजूला थुंकायची, मग अंगठा जिभेवरून फिरवून त्या जागेवर चोळायची. एक, मग दुसरा, मग गुडघ्यामागचा. तिच्या थुंकीला बडीशेपेचा वास असायचा, आणि पावाचा. अंगठा खरखरीत, जाळी विणून विणून चिरा पडलेला. तो फिरला की खाज थांबायची. खरंच थांबायची. मग बोनारिया आपला पाय पुढं करायची आणि चावा नसला तरी बोट दाखवून म्हणायची, इथं पण, इथं पण...

मिठागरांच्या पाण्यात रोहित पक्षी उभे होते, नेहमीसारखे, कुणी विसरून गेल्यासारखे.

डॉक्टर उसाई तरुण होत्या, डोंगराकडच्या गावच्या. एफिसियाला त्या पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत. आज त्या संगणकावरचे आकडे पुन्हा पुन्हा वर-खाली करून बघत होत्या.

“मावशी, पोटातलं पाणी वाढलंय. ताप जात नाही. प्लेटलेट्स आणखी उतरल्यात. रक्तातला विषाणू मागच्या वेळेपेक्षा जास्तच आहे. आणि तुमच्या गोळीची रक्तातली पातळी... ती आहे तिथंच आहे.”

एफिसियानं पर्सचा बंद हातावर नीट केला.

“संध्याकाळची गोळी आपण बंद केली होती ना?”

“...हो.”

“तुम्ही बंद केली होती का?”

भिंतीवर कुणा संताचं चित्र असतं तर बरं झालं असतं. तिथं हात कसे धुवायचे याचं चित्र होतं.

“घेत होते.”

“रोज?”

“रोज.”

“का, मावशी?”

का. हे सांगायला लागलं की ते लहान मुलासारखं वाटतं. “नेम आहे,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं. “आणि ती घेतली नाही तर... बहिणीचं आहे ते. पहिल्याच दिवशी तुमच्याच लोकांनी सांगितलं होतं, एक गोळी चुकली तरी शरीर परक्याला ओळखतं. मी एकही चुकवली नाही. एकसुद्धा.”

डॉक्टर उसाईंनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं. “माझ्या आजीनं, मांस वर्ज्य असतं त्या शुक्रवारी, दवाखान्यातलं सूपसुद्धा परत पाठवलं होतं, त्यात कोंबडीचं हाड दिसलं म्हणून. मला कळतं. पण मी समजत होते की गोळी कमी करूनही फरक पडला नाही. पुढचं, त्याहून जबर औषध मी आज सुरू करणार होते. तुम्हाला झेपलं नसतं कदाचित ते. माझ्याकडून ती चूक झाली असती, मावशी, आणि मला कधी कळलंही नसतं.”

हे मात्र एफिसियाच्या मनात आलंच नव्हतं. आपला नेम आपल्यापुरता असतो असंच तिला आजवर वाटत आलं होतं.

मग डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं, हळू, मागच्या वेळेसारखंच. हा विषाणू ओठांवर तापाचे फोड उठवणाऱ्या, नागीण करणाऱ्या विषाणूंच्याच कुळातला, वेगळ्या घरचा. आपल्या बेटावर अनेक घरांत आहे. धडधाकट माणसात तो झोपून राहतो, जन्मभर कळतही नाही. पण नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून ज्या गोळ्या द्यायच्या, त्या शरीराच्या पहारेकऱ्यालाच झोपवतात. मग हा उठतो. तो उठला की सगळं शरीर आतून पेटल्यासारखं होतं — ताप, सूज, पाणी. आधी पहारेकऱ्याला जागं करायचं, म्हणजे गोळी कमी. सोबत दुसरी एक गोळी, जी मूत्रपिंडालाही धरून ठेवते आणि या विषाणूलाही फारशी मानवत नाही.

“आणि धाक— आणि मूत्रपिंड?”

“कदाचित राहील. कदाचित नाही. मी वचन देऊ शकत नाही. पण आत्ता जसं चाललंय तसं चाललं, तर तुम्ही राहणार नाही. हे मात्र नक्की सांगते.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावताना मागं-पुढं करत होतं.

“हा आला कुठून? तिच्या मूत्रपिंडातून?”

“सांगता येत नाही. तुमच्यातच आधीपासून असेल. तिच्याकडून आला असेल. तिचं रक्त तपासलं तर तिच्यातही सापडेल, मला वाटतं. तिला त्रास काही नाही, पण तपासायला हवं.” त्यांनी चष्मा परत घातला. “लहानपणी डास चावला की तुमची आई थुंकी लावायची का हो?”

“सगळ्यांच्याच आया लावायच्या.”

“माझी आजीही लावायची. काही जण म्हणतात, तसाच तो इथं घरातल्या घरात फिरत राहिला असेल. सिद्ध झालेलं नाही काही. नुसतं म्हणतात.”

एफिसियाच्या अंगात काहीतरी ताठ उभं राहिलं. तिची आई काही इथं जबानी द्यायला आलेली नव्हती. ती तळ्याकाठी दारात बसली होती, मांडीवर पाय घेऊन, आणि तिथून तिला कुणी उठवायचं नाही.

“बहिणीला सांगू नका,” ती म्हणाली.

“सांगावं तर लागेल. तिनं दिलंय ते. उद्या गोळी कमी केल्यावर काही झालं आणि तिला बाहेरून कळलं, तर? मी फोन करते, हवं तर.”

“नको. मी सांगते.”

“कधी?”

“आज.”

“आपल्याकडे ‘आज’ म्हणजे कधी कधी पुढचा ईस्टर असतो, मावशी.”

“आज. रात्रीच्या जेवणाआधी.” आणि मग, कारण तिला कुणालाही वचन देताना ते अर्धवट ठेवता येत नसे, “गोळीचंही आणि या विषाणूचंही. दोन्ही.”

देवळाची चढण नेहमीची, पण आज मध्ये दोनदा बसावं लागलं. सकाळी बोनारियाला सांगितलेलं अर्धं तरी खरं व्हावं म्हणून ती चढत होती. आत गार होतं. छताला टांगलेली लहान लहान गलबतं — वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली — वाऱ्याशिवाय हलत होती, किंवा तिचंच डोकं फिरत असेल. ती शेवटच्या बाकावर बसली. जपमाळ काढली. मणी पुढं सरकेनात.

आई मरिये, मी नेम मोडते म्हणून विचारायला आलेय... नाही, तसं नाही. मी काय सांगू तिला, हे विचारायला आलेय. तिला मी ओळखते. ती आधी ओरडेल, दोन महिने लपवलंस म्हणून. मग माझ्या हाताकडे बघेल. मग गप्प होईल — आणि ती गप्प झाली की मला भीती वाटते, लहानपणापासून — आणि त्या गप्प बसण्यात तिच्या मनात येईल की हे मीच दिलं. चांगलं म्हणून दिलं आणि आतून विष गेलं. ती कधी बोलून दाखवणार नाही. मासे कापत राहील. पण ते तिच्या आत बसेल, आणि त्यावर कुठलीही गोळी नाही.

तेच तर ती लपवत होती. ताप नव्हे. ताप दाखवायला ती घाबरली नसती. विषाणू कुठून आला हा प्रश्न ती पोटाशी धरून बसली होती, आणि धाकटीला सांभाळतेय असं स्वतःला सांगत होती.

समोर एक म्हातारी मेणबत्ती लावताना काडी विझून पुन्हा पेटवत होती.

ममाईच्या लग्नातल्या कपबशा आठवल्या. सोनेरी काठाच्या, बारा. काचेच्या कपाटात. त्यांतून कधी कुणी कॉफी प्यायलं नाही — पाद्री आले तरी नाही, बब्बाई गेले तेव्हा अख्खं गाव आलं तरी नाही. ममाई दर वसंतात त्या काढून धुवायची, पुसायची, परत ठेवायची, आणि म्हणायची, कधीतरी लागतील. ती गेल्यावर दोघींनी सहा-सहा वाटून घेतल्या. एफिसियाच्या सहाही अजून काचेमागं आहेत. बोनारियानं पहिल्या सकाळीच त्यातून कॉफी घेतली. आता तिच्याकडे दोन उरल्यात, त्यातल्या एकीला कान नाही. “चार फुटल्या, पण चांगल्या प्यायल्या,” असं म्हणते. आणि त्या दवाखान्यात, झगा आवळत, हसून झाल्यावर, दारातून जाताना वळून म्हणाली होती — हे एफिसिया कशी विसरली होती? विसरली नव्हती, बाजूला ठेवलं होतं — “आणि ही धाकटी तुझ्या कपाटात नको हं ठेवूस. वापर.”

वापर म्हणाली होती. सांभाळ म्हणाली नव्हती.

एफिसियाच्या बोटांत एक मणी सरकला. मग तिला उंबऱ्यावरची आणखी एक गोष्ट दिसली, जी ती रोज बघत आली होती आणि तरी पाहिली नव्हती: ममाई थोरलीच्या पायावरून अंगठा उचलायची आणि तोच अंगठा, पुन्हा जिभेला न लावता, धाकटीच्या पायावर फिरवायची. तोच ओला अंगठा. तिच्या तोंडातलं, माझ्या पायावरचं, बोनारियाच्या गुडघ्यावर. आणि ममाईच्या तोंडात तिच्या आईचं असेल, हिवतापात चार पोरं पुरलेल्या त्या बाईचं, जिच्याकडे द्यायला औषध नव्हतं, डॉक्टर नव्हता, थुंकी होती. कुणाकडून कुणाकडे गेलं ते आता कोण सांगणार? आम्हा दोघींच्या नाकाला एकच वाक आहे. तो आधी कुणाच्या नाकावर होता असं आम्ही कधी विचारलं नाही. ममाईला आरोपी करायचं नाही, तसं बोनारियालाही नाही, आणि... हे जरा अवघड होतं, हे म्हणताना जपमाळ हातात घट्ट धरावी लागली... मलाही नाही.

डोळे पुसायला तिनं रुमाल काढला, तर तो सुका तो सुकाच राहिला. रडू आलं नव्हतं. नुसतं काहीतरी सैल झालं होतं, कमरेला रुतणाऱ्या घागऱ्याचं बटण काढल्यासारखं.

परतीच्या गाडीत तिला झोप लागली.

घरी आली तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या अर्ध्यावरच उरलं होतं. तिनं तोंड धुतलं. दिव्यात तेल घातलं. संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली तशी ती सवयीनं डबीपाशी गेली, आणि तिथं उभी राहिली. प्रार्थना गोळीशिवाय म्हणता येते का, हे तिनं कधी करून पाहिलं नव्हतं. जीभ रिकामी, तोंड रिकामं. तिनं सुरुवात केली; मधल्या ओळीत, जिथं गिळायचा घोट असायचा, तिथं एक खाच पडली, आणि त्या खाचेत तिला ममाईचं नाव घ्यायचं होतं, पण आलं वेगळंच — आलं धाकटीचं; आणि त्यातली कुठली, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती पुढं म्हणत गेली. शेवटपर्यंत.

मग काळी शाल घेतली, पुन्हा ठेवली, कारण शालीत हात झाकले जातात. बाह्या कोपरापर्यंत वर दुमडल्या. जांभळे डाग उघडे पडले. बोनारियाला हे एकदाच, सुरुवातीलाच दाखवायचं, म्हणजे ओरडून झाल्यावर पुन्हा शोधत बसायला नको.

बोनारियाचं घर तिसऱ्या गल्लीत, विहिरीनंतर. या वेळेला ती अंगणात असते, टबात उरलेले बोय, मांडीवर फळी, आणि मांजरांशी भांडण. पहिलं वाक्य काय बोलायचं ते एफिसियाला अजून सापडलं नव्हतं. ‘दोन महिने झाले’ इथून सुरू करावं, की ‘आत येऊ का’ इथून? पन्नास वर्षांत तिनं त्या दारात असं कधी विचारलेलं नव्हतं, विचारलं तर बोनारियाला आधीच कळेल. कळू दे. धाकटी राहील की जाईल, हे मला माहीत नाही, असंच सांगायचं. मला माहीत नाही, हे वाक्य आपण मोठ्यानं कधी म्हटलं होतं, हे तिला आठवेना.

शेजारच्या घरात कुणीतरी लसूण परतत होतं. मुलांची पायताणं दगडांवर आपटत लांब गेली. तिनं दार ओढून घेतलं, किल्ली खिशात टाकली आणि भिंतीला हात लावत, सावकाश, सावलीच्या बाजूनं चालू लागली. वळणावरूनच बोनारियाचा आवाज येऊ लागला — मांजरीला सांगत होती की थांब, सटवे, सगळ्यांना मिळेल, रांगेत बस.